दोघांचं भांडण, तुमचा लाभ!

२०१७ साली असेंबल केलेले दोन पीसी डोळ्यांसमोर आणा. पहिल्यात इंटेलचा कोअर आय७-७७००के. त्या वर्षाच्या सुरुवातीला घरगुती पीसीसाठी इंटेलकडे याहून भारी काही नव्हतं. सोबत झेड२७० चिपसेटचा मदरबोर्ड. दुसऱ्यात एएमडीचा रायझेन ५ १६०० आणि साधा बी३५० मदरबोर्ड. पहिल्याचे पैसे जास्त, आणि गेमिंगमध्ये तेव्हा तोच पुढे. दुसरा घेणाऱ्याला मित्रांनी ‘एएमडी कशाला घेतलास?’ असं नक्की विचारलं असणार.

आता थेट १४ ऑक्टोबर २०२५ वर या. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. वर्षभराची वाढीव मुदत आहे, पण ती काही कायमची सोय नाही. आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत या दोन्ही पीसींचे प्रोसेसर नाहीत. इंटेलचे बहुतेक सगळे प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचे चालतात, एएमडीचे रायझेन २००० मालिकेपासूनचे. म्हणजे दोघेही नापास.

पण इथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. दुसऱ्या पीसीचा मालक मदरबोर्डचं बायोस अपडेट करतो, जुना प्रोसेसर काढतो आणि त्याच जागेवर रायझेन ५ ५६०० बसवतो. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच. विंडोज ११ सुरू, आणि वेगही आधीपेक्षा कितीतरी जास्त. पहिल्या पीसीच्या मालकाला मात्र ही सोय नाही. विंडोज ११ ला चालणारा इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर त्याच्या बोर्डवरच्या सॉकेटमध्ये बसतो, अगदी नीट बसतो, पण चालत नाही. त्याला नवा बोर्ड लागणार. नव्या बोर्डसाठी बहुधा नवी रॅम. नालेसाठी घोडा म्हणतात तो प्रकार.

आठ वर्षांपूर्वीच्या त्या दोन खरेद्यांमध्ये असा फरक का पडला? ‘एएमडी चांगली, इंटेल वाईट’ हे उत्तर सोपं आहे, पण चुकीचं आहे. खरं उत्तर चिपपेक्षा बाजारात जास्त सापडतं. आणि तुम्ही येत्या वर्षभरात पीसी घेणार असाल, तर ते तुमच्या खिशाशी संबंधित आहे.

दहा वर्षं, चार कोअर

आधी थोडं मागे जाऊ. सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसायची जागा. कंपनीने सॉकेट बदललं, की जुन्या बोर्डवर नवा प्रोसेसर बसत नाही. इंटेलची यादी बघा. २००९ मध्ये एलजीए ११५६, २०११ मध्ये ११५५, २०१३ मध्ये ११५०, २०१५ मध्ये ११५१. साधारण दर दोन वर्षांनी नवं सॉकेट. प्रोसेसर बदलायचा म्हणजे बोर्डही बदलायचा, हा जणू नियमच झाला होता.

त्या बदल्यात मिळत काय होतं? २००७ मध्ये घरगुती पीसीसाठी चार कोअरचे प्रोसेसर आले. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या ७७००के मध्येही कोअर चारच. सहा-आठ कोअर हवे असतील तर इंटेलचा वेगळा, बराच महागडा प्लॅटफॉर्म घ्यावा लागे. दर पिढीत वेग थोडाथोडा वाढायचा, पण चार वर्षांचा जुना पीसी बदलावा असं काही त्यात नसायचं.

हे असं चाललं, कारण समोर कोणी नव्हतं. २०११ मध्ये एएमडीने आणलेलं बुलडोझर डिझाइन सपशेल फसलं. कंपनीने पैशांसाठी ऑस्टिनमधला स्वतःचा कॅम्पस विकला. २०१५ मध्ये तिचा शेअर दोन डॉलरच्याही खाली गेला होता. शर्यतीत एकटाच धावणारा माणूस जोरात का धावेल?

मार्च २०१७ मध्ये एएमडीचे रायझेन प्रोसेसर आले आणि चित्र पालटलं. रायझेन ७ १८००एक्सची किंमत ४९९ डॉलर, कोअर आठ. इंटेलचा आठ कोअरचा प्रोसेसर तेव्हा हजार डॉलरच्या वर होता. त्यानंतर काय झालं पाहा. ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलने घरगुती पीसीसाठी सहा कोअरचा ८७००के आणला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये आठ कोअरचा ९९००के. चिप काही एका रात्रीत बनत नाही. इंटेलची तयारी आधीपासून असणारच. तरीही दहा वर्षं जे चारावर अडकलं होतं, ते दीड-पावणेदोन वर्षांत दुप्पट झालं, हे विसरून चालणार नाही.

याच धावपळीत ७७००के वाल्यांचा घोळ झाला. जानेवारीत त्यांनी नवाकोरा पीसी घेतला आणि ऑक्टोबरमध्ये आलेला सहा कोअरचा प्रोसेसर त्याच नावाच्या सॉकेटचा असूनही त्यांच्या बोर्डवर चालेना. जास्त कोअरना वीजपुरवठा नीट व्हावा म्हणून नवा बोर्ड लागतो, असं इंटेलचं म्हणणं होतं. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. पण पुढे हौशी मंडळींनी बायोसमध्ये फेरफार करून आणि काही संपर्कबिंदूंवर चक्क टेप लावून हे प्रोसेसर जुन्या बोर्डवर चालवून दाखवले. म्हणजे अडचण पूर्णपणे तांत्रिक नव्हती. तो व्यवसायाचा निर्णयही होता.

वचन कोण देतं?

आता एएमडीकडे या. एएमडीने २०१७ मध्येच सांगून टाकलं होतं, की एएम४ हे सॉकेट २०२० पर्यंत चालवू. हा काही दानधर्म नव्हता. बुलडोझरने तोंड पोळलेले ग्राहक एएमडीचा बोर्ड घ्यायला कचरत होते. ‘आज आमचा बोर्ड घ्या, उद्याचे प्रोसेसरही यातच बसतील’, हे वचन म्हणजे मागे पडलेल्या कंपनीने ग्राहक ओढण्यासाठी पुढे केलेला हात होता.

आणि मागे पडलेली कंपनी पुढे गेली, की तो हात कसा आखडता होतो, तेही याच गोष्टीत दिसतं. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केलं, की पुढचे झेन ३ प्रोसेसर फक्त ५०० मालिकेच्या बोर्डवर चालतील. कारण दिलं ते बायोसच्या चिपमध्ये जागा कमी असल्याचं. हेही कारण खोटं नव्हतं. अनेक बोर्डांवरची ही चिप १६ एमबीची होती आणि इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरची माहिती त्यात मावणं कठीण होतं. पण स्वस्त बी५५० बोर्ड तेव्हा बाजारात आलेलेसुद्धा नव्हते. पुढे अपग्रेड करता येईल या भरवशावर असंख्य लोकांनी बी४५० घेतले होते. ग्राहक भडकले. टेक पत्रकार आणि यूट्यूबर्सनी कंपनीला धारेवर धरलं. दोन आठवड्यांच्या आत एएमडीने निर्णय फिरवला. ‘जागा नाही’ म्हणणाऱ्यांना जागा सापडली! काही बोर्डांमध्ये जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढून नव्यांसाठी जागा करण्यात आली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झेन ३ चे प्रोसेसर आले आणि गेमिंगमध्येही एएमडी इंटेलच्या पुढे गेली. लगेच किमतींनी सूर बदलला. आधीच्या पिढीत रायझेन ५ ३६०० हा १९९ डॉलरचा प्रोसेसर विद्यार्थ्यांचा लाडका होता. नव्या पिढीत सहा कोअरचा सर्वात स्वस्त पर्याय ५६००एक्स, किंमत २९९ डॉलर. स्वस्तातला ५६०० कधी येणार? तब्बल दीड वर्ष त्याचा पत्ता नव्हता.

मग जानेवारी २०२२ मध्ये इंटेलने कोअर आय५-१२४०० आणला. स्वस्त आणि दमदार. तेव्हा मात्र एएमडीची झोप उडाली. एप्रिल २०२२ मध्ये १९९ डॉलरचा ५६०० आला, १५९ डॉलरचा ५५०० आला. एवढंच नाही, तर २०१७ च्या ३०० मालिकेच्या बोर्डांवरही झेन ३ चालवायला एएमडीने अधिकृत परवानगी दिली. म्हणजे सुरुवातीच्या गोष्टीतला आपला तो दुसरा पीसी २०२५ मध्ये वाचला, त्याचं श्रेय एएमडीच्या मोठ्या मनाला नाही. ते मोठ्या प्रमाणात इंटेलच्या १२४०० ला आहे!

हा गमतीचा भाग नीट लक्षात घ्या. इंटेलने चांगला प्रोसेसर आणला, म्हणून एएमडीच्या ग्राहकाचं भलं झालं. त्याआधी एएमडीने चांगला प्रोसेसर आणला, म्हणून इंटेलच्या ग्राहकाला जास्त कोअर मिळाले. तुम्ही कोणत्याही ‘टीम’चे असा, तुमचा फायदा समोरच्या टीमच्या फॉर्मवर ठरतो. मोबाइल डेटाचं उदाहरण आठवा. २०१६ मध्ये जिओ आलं आणि दर कोसळले. पुढे मैदानात मोजक्याच कंपन्या उरल्या आणि जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. गणित तेच.

आज पारडं कुणीकडे?

सध्याची परिस्थिती म्हणूनच काळजीची आहे. इंटेल अडखळलीय. १३व्या आणि १४व्या पिढीच्या महागड्या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचं २०२४ मध्ये कंपनीला मान्य करावं लागलं. तिने मायक्रोकोडचे अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिका आली, सोबत एलजीए १८५१ हे नवं सॉकेट. वीज कमी खाते हे खरं, पण गेमिंगमध्ये काही ठिकाणी ती आधीच्याच पिढीच्या मागे पडली. पंधरवड्यात एएमडीने रायझेन ७ ९८००एक्स३डी आणला आणि गेमिंगचा मुकुट सहज खिशात घातला. किंमत ४७९ डॉलर. याच्या आधीच्या पिढीचा असाच प्रोसेसर ४४९ डॉलरला आला होता.

इंटेलला २०२४ मध्ये १८ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. डिसेंबरमध्ये सीईओ पॅट गेलसिंगर पायउतार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनेच कंपनीत सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला आणि सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाने पाच अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. संख्येच्या हिशेबात पीसी आणि लॅपटॉपमध्ये आजही जास्त चिप्स इंटेलच्याच विकल्या जातात. त्यामुळे ‘इंटेल संपली’ म्हणणं घाईचं ठरेल. पण स्वतः असेंबल करणाऱ्यांच्या बाजारात सध्या एएमडीचा वरचष्मा आहे, आणि वरचष्मा असलेली कंपनी कशी वागते ते आपण वर पाहिलं.

‘या दोघांत तिसरा का येत नाही?’ असा प्रश्न पडला असेल. आपले नेहमीचे विंडोज पीसी ज्या एक्स८६ पद्धतीवर चालतात, तिच्या चाव्या या दोघांकडेच आहेत. पद्धत इंटेलची. १९८० च्या दशकात आयबीएमला एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायचं नव्हतं, म्हणून एएमडीला परवाना मिळाला. पुढे ६४ बिटची जोड एएमडीने दिली आणि ती इंटेलला स्वीकारावी लागली. दोघंही एकमेकांच्या परवान्यात बांधलेले. तिसरा येतोय तो वेगळ्या दाराने, आर्म पद्धतीच्या चिप्स घेऊन. अॅपलने २०२० मध्ये एम१ आणला, क्वालकॉमने २०२४ मध्ये विंडोज लॅपटॉपसाठी स्नॅपड्रॅगन एक्स. त्यामुळे बॅटरी आणि विजेच्या वापराबाबत इंटेल-एएमडीला घाम फुटला, हे चांगलंच. पण या चिप्स बोर्डवर पक्क्या बसवलेल्या असतात. तिथे सॉकेट नाही आणि अपग्रेडही नाही.

त्यात आता रॅमची भर पडली आहे. एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी प्रचंड लागते आणि तिथे नफाही जास्त. त्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून पीसीच्या रॅमचे भाव भडकले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर क्रुशिअल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचंच सांगितलं. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. इथे तर दोघांचं भांडणही नीट होत नाही, मग तिसऱ्याला लाभ कुठून होणार?

रॅम महागली, की सॉकेटचं महत्त्व आणखी वाढतं. एएमडीच्या एएम५ सॉकेटला डीडीआर५ रॅमच लागते. इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारचे बोर्ड होते. इंटेलने ग्राहकाची सोय पाहिली, ती इथे. सॉकेट बदलायचं म्हणजे आता प्रोसेसर आणि बोर्डसोबत महागड्या रॅमचंही बिल. घरात आधीपासून असलेली रॅम वापरून नुसता प्रोसेसर बदलता येणं, हे या वर्षी सोन्यासारखं आहे.

मग तुम्ही काय करायचं?

लॅमिंग्टन रोडवर जा, गावातल्या दुकानात जा किंवा ऑनलाइन मागवा. दुकानदार ‘हा फ्यूचर-प्रूफ आहे’ असं म्हणतोच. तेव्हा हे पाच मुद्दे डोक्यात असू द्या.

एक, आधी स्वतःला खरं उत्तर द्या. तुम्ही खरंच मध्येच प्रोसेसर बदलणार आहात का? बरेच जण पाच-सहा वर्षं पीसी जसाच्या तसा वापरतात आणि मग सगळाच बदलतात. तुम्ही त्यातले असाल, तर सॉकेटच्या भविष्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. आज ज्याची कामगिरी आणि किंमत जुळते, तो घ्या. मग तो इंटेलचा का असेना.

दोन, अपग्रेडचा मार्ग हवाच असेल, तर वचनापेक्षा बाजारात आज काय आहे ते बघा. ‘या बोर्डवर बसणारा, माझ्यापेक्षा दुप्पट दमाचा प्रोसेसर आज विक्रीला आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर तुमचा मार्ग पक्का. आज सहा कोअरचा घेऊन तीन वर्षांनी आठ किंवा बारा कोअरचा सेकंडहँड घेता येईल. एएम५ बाबत एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही सपोर्ट देऊ असं सांगितलंय आणि तिचा आजवरचा रेकॉर्ड बरा आहे. पण रेकॉर्ड म्हणजे करार नव्हे. एलजीए १८५१ घेताना मात्र जपून. इंटेलची नोव्हा लेक ही पुढची पिढी २०२६ अखेरीस यायची आहे आणि तिच्यासाठी पुन्हा नवं सॉकेट लागेल, अशी बाजारात चर्चा आहे.

तीन, बोर्डवर अगदीच काटकसर करू नका. सर्वात स्वस्त बोर्डचा वीजपुरवठ्याचा भाग कमकुवत असतो. पुढे जास्त कोअरचा प्रोसेसर बसेल, पण तापून हळू चालेल. पेन ड्राइव्हवरून, प्रोसेसर न बसवताही बायोस अपडेट करता येतं अशी सोय असलेला बोर्ड शक्यतो घ्या. रॅमसाठी चार खाचा असतील तर उत्तम.

चार, जुना एएम४ पीसी घरात असेल तर तो भंगारात काढण्याआधी मदरबोर्ड कंपनीच्या साइटवर जाऊन कोणते प्रोसेसर चालतात ती यादी तपासा. एका प्रोसेसरच्या पैशात तो आणखी तीन-चार वर्षं सहज निघेल. एक पीसी कमी फेकला, तर ई-कचराही तेवढाच कमी.

पाच, लॅपटॉप घेणार असाल तर वरचं निम्मं विसरा. लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डला कायमचा जोडलेला असतो. तिथे फसवणूक नावात असते. एएमडीचा रायझेन ५ ७५२०यू हा नावावरून नवा वाटतो, पण त्यातलं डिझाइन २०१९ चं, झेन २ आहे. या मालिकेत तिसरा अंक बघायचा. तो २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. ग्राहकांची लाडकी कंपनीसुद्धा अशी पाटी बदलते! म्हणून नावापेक्षा पिढी बघा, आणि निदान रॅम आणि एसएसडी तरी पुढे वाढवता येईल का, ते विचारा.

आता परत त्या दोन पीसींकडे. २०१७ मध्ये दुसरा पीसी घेणारा फार हुशार होता असं नाही. पुढे काय होणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याचं नशीब इतकंच, की त्यानंतरच्या आठ वर्षांत त्याच्या कंपनीला कधीच निवांत बसता आलं नाही. आधी तिला इंटेलला गाठायचं होतं, मग ग्राहक ओरडले, मग इंटेलने पुन्हा उसळी मारली. प्रत्येक धक्क्यागणिक त्याच्या जुन्या बोर्डचं आयुष्य वाढत गेलं.

म्हणून कमेंट सेक्शनमध्ये ‘इंटेल बुडाली, मजा आली’ असं लिहिणाऱ्या मित्राला एकदा ही गोष्ट सांगा. पुढच्या वेळी पीसी घ्याल तेव्हा एएमडी घ्या किंवा इंटेल घ्या. पण समोरची कंपनी जोरात असावी, अशी इच्छा मात्र जरूर धरा. दोघांचं भांडण चालू आहे, तोवरच तिसऱ्याचा लाभ आहे. आणि इथे तिसरे आपण आहोत.